केरबा अस्वलाचा नायटा

एका जंगलात, बाळांनो, झाडांपेक्षा औषधांची दुकानं जास्त होती. त्यामुळे तिथले प्राणी आजारी पडायला मुळीच घाबरत नसत.

तिथे केरबा नावाचं अस्वल होतं. मोठा पैलवान! त्याच्या वडिलांनी सात वेळा कुस्तीच्या फडात उतरून सातही वेळा पाठीला माती लावून घेतली होती. यंदा चांदीची गदा घरी आणायचीच, असं केरबानं म्हाताऱ्याला वचन दिलं होतं. फड सव्वा महिन्यावर होता.

आणि नेमका त्याच्या जांघेत नायटा उठला. बांगडीएवढा, लाल कडेचा.

केरबा डॉक्टर सायाळबाईंकडे गेला. त्यांनी नीट तपासून एक साधं मलम दिलं.

"जागा धुऊन कोरडी करा. दिवसातून दोनदा, कडेच्या जरा बाहेरपर्यंत पातळ लावा. चार आठवडे. डाग गेला तरी मधेच थांबायचं नाही. आणि कुणाचा पंचा, लंगोट वापरायचा नाही."

"चार आठवडं?" केरबा म्हणाला. "बाई, तेवढ्यात आमच्यात मोडलेला हात जुळतोय!"

खरंच आहे. एवढा वेळ लावणारी बाई डॉक्टर कसली?

केरबा नाथा माकडाच्या दुकानात गेला. नाथा शिकलेला नव्हता, पण अनुभवी होता. म्हणजे आजवर कुणी परत येऊन त्याला बडवलं नव्हतं. त्यानं नायट्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ही घ्या पैलवान, कडक ट्यूब. तीन औषधं एकात, वर स्टेरॉइडबी हाय. दोन दिसांत गार!"

दोन दिवसांत खाज थांबली. तिसऱ्या दिवशी केरबानं ट्यूब लावणं थांबवलं आणि ती उदार मनानं तालमीत ठेवून दिली. ज्याला हवी त्यानं लावावी.

त्या तालमीत एक पवित्र लंगोट होता. वस्ताद गव्यानं पूर्वी तो नेसून फड मारला होता. तेव्हापासून मोठ्या कुस्तीआधी प्रत्येक पैलवान तो आठवडाभर नेसे. धुवायचा मात्र नाही. धुतला की त्यातली जीत वाहून जाते, असं वस्ताद सांगत. सगळी तालीम खाजवत असे, पण वस्तादांना विचारायची कुणाची छाती होती?

केरबानंही तो भक्तिभावानं नेसला.

नायटा परतला. या वेळी त्याला कडच नव्हती. तो मांड्यांवरून पाठीवर चढला. केरबा दोन दिवस ट्यूब लावी, दोन दिवस थांबे. कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ झाली.

फडाचा दिवस उजाडला. समोर रंगा रानडुक्कर. पहिल्या रांगेत म्हातारं अस्वल, हात जोडून.

केरबानं पट काढला. रंगा खाली आला. एक खांदा टेकला, दुसरा बोटभर वर. जंगल उभं राहिलं!

आणि केरबाला खाज आली.

त्यानं एक हात सोडला. एकच, बाळांनो, अगदी क्षणभर. रंगानं कूस बदलली आणि केरबा चितपट!

गदा रंगाला मिळाली. केरबा मात्र उठेना.

"ऊठ रं लेकरा," म्हातारा रडत म्हणाला. "किती लागलंय तुला?"

केरबानं मातीवर पाठ घासली, उजवीकडून डावीकडे, पुन्हा उजवीकडे. त्याचे डोळे मिटले होते.

"आबा, जरा थांबा," तो म्हणाला. "महिन्यात एवढं बरं कधी वाटलं न्हाई."

तात्पर्य : मुलांनो, डॉक्टरांचं मुळीच ऐकू नये. त्यांचं औषध चार आठवड्यांत संपतं आणि आजारही जातो. दुकानदाराची ट्यूब जन्मभर पुरते.