आठ ठिपके

डॉ. नरहर टिल्लू वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मेघपेटी नावाच्या कंपनीत पासवर्ड म्हणून रुजू झाले.

मेघपेटीचं काम विश्वासाचं होतं. नाशिकच्या आसपासचे तीनशे चाळीस कारखाने आपापली ड्रॉइंगं, टेंडरं, करारनामे तिच्याकडे कुलूपबंद करून ठेवत आणि गरज पडली की ती ज्याची त्याला नेमकी तेवढीच फाईल उघडून देई. या सगळ्याची किल्ली म्हणजे डॉ. टिल्लू. रोज सकाळी दहाला ते यंत्रासमोर उभे राहत, यंत्र त्यांना नखशिखांत न्याहाळे आणि सगळं उघडे. न्यायदर्शनातल्या संशयाच्या स्वरूपावर त्यांनी सहाशे पानांचा प्रबंध लिहिला होता, छत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं होतं, पण त्यांच्यामुळे कधी काही उघडलंय असं झालं नव्हतं. लोणच्याची बरणीसुद्धा वत्सलाबाईच उघडत. म्हणून ही नोकरी त्यांना फार प्रिय होती, आणि ती जाईल म्हणून पहिल्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

नियम कडक होते. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नाही, म्हणून घराच्या दारावरच्या पाटीवरचं त्यांचं नाव खरवडून तिथे आठ काळे ठिपके काढण्यात आले. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही, म्हणून लग्नकार्यात ते स्वतःची ओळख करून देईनात.

"आणि मला कोणी विचारलं, यजमान कसे आहेत, तर?" वत्सलाबाई म्हणाल्या.

"सांगायचं नाही."

"चव्वेचाळीस वर्षांत मलाच कळलं नाही, दुसऱ्याला काय सांगणार, कपाळ!"

ब्याऐंशीव्या दिवशी सुरक्षाप्रमुख देवयानी बागूल त्यांच्या टेबलाशी आल्या.

"सर, नव्वद दिवस होत आले. पासवर्ड बदलावा लागेल."

"म्हणजे मला काढणार?"

"काढायचं कशाला? तुम्हीच बदला ना. फक्त आधीच्यासारखे राहू नका. तीन संधी मिळतात. नाहीच जमलं, तर गांगुर्डेसाहेब आहेतच."

बाहेर बाकावर निवृत्त फौजदार गांगुर्डे हाताची घडी घालून बसले होते. त्यांनी डॉ. टिल्लूंकडे पाहून मान हलवली. डॉ. टिल्लूंनी उगाचच त्यांची क्षमा मागितली.

डॉ. टिल्लू बदलायला लागले. पहिल्यांदा मिशी काढली. यंत्र म्हणालं, "हा पासवर्ड आधीच्यासारखाच आहे." मग त्यांनी शेजारच्या कर्व्यांना तोंडावर सांगितलं, की तुमचं चुकतंय. संध्याकाळी जाऊन, तसं माझंही चुकत असेल, असंही सांगून आले. यंत्र म्हणालं, "पासवर्डची ताकद: कमकुवत." १९७९ साली प्रबंधाच्या परीक्षकांनी साधारण हेच लिहिलं होतं, फक्त दोन पानं घेऊन.

नव्वदाव्या दिवशी दुपारी ते गुलाबी टी-शर्ट घालून, दारावर टकटक न करता आत शिरले. यंत्राने बराच वेळ घेतला.

"आधीच्या पासवर्डशी साम्य: एक्क्याण्णव टक्के."

"सर," देवयानी कळवळून म्हणाल्या, "टी-शर्ट पँटमध्ये खोचलात कशाला?"

आता गांगुर्डेसाहेबांना बसवायचं ठरलं. पण नवा पासवर्ड घालण्याआधी जुना एकदा द्यावा लागतो. डॉ. टिल्लू शेवटचं म्हणून यंत्रासमोर उभे राहिले. डोळे भरून आले होते, पण ते त्यांनी कुणाला दिसू दिलं नाही.

"पासवर्ड चुकीचा आहे," यंत्र म्हणालं.

आठ दिवसांच्या खटपटीत डॉ. टिल्लू नवीन व्हावेत इतके बदलले नव्हते, आणि जुने म्हणून चालावेत इतके तेच राहिले नव्हते. त्यांना स्वतःला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ही शंका त्यांना पूर्वीपासूनच होती, कुणी एवढं स्पष्ट सांगितलं नव्हतं इतकंच.

तेवढ्यात फोन वाजू लागले. सातपूरच्या पंपवाल्यांचं टेंडर चार वाजता बंद होणार होतं आणि त्यांची फाईल आत अडकली होती. साडेतीन वाजले होते.

"आता 'पासवर्ड विसरलात?' वर जावं लागेल," देवयानी म्हणाल्या. "सर, नोंदणीकृत व्यक्ती म्हणून कुणाचं नाव दिलंय?"

वीस मिनिटांत वत्सलाबाई रिक्षाने आल्या. हातात अर्धवट निवडलेल्या कोथिंबिरीची पिशवी होती.

"नवा पासवर्ड द्या," यंत्र त्यांना म्हणालं. "मुदत पाच मिनिटं."

गांगुर्डे पुढे सरसावले.

"हा पासवर्ड सहज ओळखता येतो."

"साध्या वेशातल्या ड्यूटीला हीच अडचण यायची," म्हणत गांगुर्डे मागे झाले.

डॉ. टिल्लूंनी घाईघाईने टी-शर्ट बाहेर काढला. "अगं, यांना सांग ना, की हेच ते म्हणून."

"जुना पासवर्ड पुन्हा वापरता येणार नाही," यंत्र म्हणालं.

"तो मिळतोय कुठे?" वत्सलाबाई म्हणाल्या. "सरका बघू, काय म्हणतंय मेलं!" त्या यंत्राकडे निरखून पाहू लागल्या. यंत्रही त्यांच्याकडे पाहू लागलं. आधी डोळे वळवले ते यंत्राने.

"पासवर्डची ताकद: अभेद्य."

सगळं उघडलं. टेंडर दोन मिनिटं आधी गेलं. देवयानींनी वत्सलाबाईंचे हात हातात घेतले. डॉ. टिल्लू कोथिंबिरीची पिशवी सांभाळत उभे होते.

"आणि मी?"

"तुम्ही आता नोंदणीकृत व्यक्ती, सर. बाई विसरल्या गेल्या, तर तुम्हाला बोलवू."

त्याच क्षणापासून, आपल्याला ती आठवेल ना, याची काळजी डॉ. टिल्लूंना लागली.

दुसऱ्या दिवशी पाटी रंगवणारा घरी आला. वत्सलाबाई दहाच्या ठोक्याला कामावर गेल्या होत्या. त्याने त्यांच्या नावावर मन लावून बारा ठिपके काढले. मग आधीचे आठ ठिपके खरवडून जागा स्वच्छ पुसली.

"काका, तुमचं नाव आता लिहिता येतं म्हणाले. काय लिहू?"

डॉ. टिल्लूंनी पाटीवरची पुसलेली जागा बोटाने चाचपली.

"जागा सोडून ठेवा," ते म्हणाले. "उद्या सांगतो."