सेल्मरची भट्टी

रविवारी चर्चच्या बाजारातून ऑरव्हिल ट्वेटनने चिंध्यांचा विणलेला एक भलामोठा गालिचा आणला आणि बायकोच्या खुर्चीपुढे अंथरला. आर्डिसच्या पायांना थंडी वाजते, हे त्याला लग्नाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी उमगलं होतं.

आर्डिसने गालिच्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "हाही वेगळाच आहे."

मिनेसोटाच्या या टोकाला 'वेगळं' म्हणणं म्हणजे वस्तू अंगणात फेकून देणं. पण ऑरव्हिलने ते कौतुक समजून घेतलं. (संसार एवढी वर्षं टिकवायचा तर काही गोष्टी अशाच घ्याव्या लागतात.)

सोमवारी सकाळपासून घर गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीचं चित्त थाऱ्यावर राहीना. भडकायची, चार मिनिटांत गप्प व्हायची. पुन्हा भडकायची, पुन्हा गप्प. बाहेर उणे तीस.

"थंडी वाजतेय का गं?" ऑरव्हिलने विचारलं.

"छे, इतकं काही नाही," असं म्हणत आर्डिसने कोटावर दुसरा कोट चढवला.

भट्टी आजवर सेल्मर बघायचा. ऑरव्हिलचा थोरला भाऊ. त्यानेच बसवली, त्यानेच सांभाळली. ऑक्टोबरात सेल्मर गेला, आणि घरातलं ऊब नावाचं खातं ऑरव्हिलकडे आलं.

"चारपर्यंत नीट झाली नाही तर मी गावातल्या कंपनीला फोन करणार," आर्डिस म्हणाली.

"ते दुरुस्त करत नाहीत. जुनी उचलून नेतात आणि नवी बसवतात."

"मग बसवू दे की."

"सेल्मरची आहे ती."

"चार," ती म्हणाली, पण हळू आवाजात.

ऑरव्हिलने तळघरात जाऊन भट्टीचं दार काढलं. दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी होत्या. सेल्मरचं ताठ, काटकोनी अक्षर. 'नोव्हेंबर ८९. बसवली.' 'जानेवारी ९१. फिल्टर बदलला.' 'फेब्रुवारी ९३. पंख्याचा पट्टा.' पुढे त्याला वाचवेना. त्याने दार फिरवून भिंतीला तोंड करून ठेवलं. डोळ्यांत धूळ गेली होती. (फिल्टर त्याने नुकताच बदलला होता, पण धूळ काय, कुठूनही येते.)

मग त्याने ज्योत पेटली का ते ओळखणारी धातूची काडी घासून चकचकीत केली. वर जाऊन थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या. खाली येऊन भट्टीशी समजुतीने बोलला. शेवटी सगळे पुरुष करतात तो उपाय केला, म्हणजे कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिला. ती चार मिनिटांनी विझली.

तीन वाजता दार वाजलं. शेजारचा लॅमार. गेल्याच उन्हाळ्यात जॉर्जियाहून राहायला आलेला.

"सर, तुमच्या धुराड्यातून वाफ थांबून थांबून येतेय. भट्टी बघू का जरा? आमच्या वडिलांचं तेच काम होतं."

"नको नको! तुला कशाला उगाच त्रास!"

"बरं, सर," म्हणाला आणि निघून गेला.

ऑरव्हिल दार उघडं ठेवून उभाच राहिला. इथे दोनदा 'नको' म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, तू एवढं म्हणतोसच तर' म्हणायचं असतं.

"गेला?" आतून आर्डिस.

"गेला."

"पुन्हा विचारलं नाही?"

"नाही ना!"

"दक्षिणेकडचा आहे तो. त्यांच्यात 'नको' म्हणजे 'नको'."

"असं कसं जगतात ती माणसं?"

चारला दहा कमी असताना आर्डिसने फोन उचलला. ऑरव्हिल तळघराच्या दाराला पाठ लावून उभा राहिला.

"लॅमार, मी आर्डिस. आमच्या ह्यांचं 'नको' म्हणजे 'हो' असतं. ये."

लॅमार आला. दाराशी बूट काढले, मोज्यांवर खोली ओलांडू लागला आणि गालिच्यावर येऊन थांबला.

"सर, ह्याच्याखाली काय आहे?"

"जमीन."

"मग हा जमिनीला असा चिकटून का बसलाय?"

त्याने कोपरा धरून ओढला. गालिचा फस्सकन सुटला. खाली दोन ताटं मावतील एवढी एक जाळी होती. घरातली सगळी हवा भट्टीकडे परत नेणारी, घरात एकुलती एक.

"भट्टीचं नाक दाबलंत, सर. हवा मिळेना की तापते, फार तापली की स्वतःला विझवते, निवली की पुन्हा पेटते. भट्टी गुणाची आहे. अजून वीस वर्षं कुठे जात नाही."

खाली भट्टी पेटली. चार मिनिटं झाली, आठ झाली. ती घुमतच राहिली. आर्डिसने वरचा कोट काढला.

"लॅमार, कॉफी घेणार?"

"हो, मॅडम," म्हणून तो पहिल्याच फटक्यात खुर्चीत बसला. नवराबायको क्षणभर गोंधळले. मग आर्डिसने कप काढले.

ऑरव्हिल दार बसवायला खाली गेला. आता डोळ्यांत धूळ नव्हती. भिंतीकडचं दार त्याने वळवलं आणि सेल्मरच्या ओळी सावकाश, शेवटपर्यंत वाचायच्या ठरवल्या. चौथीवरच थांबला.

'मार्च ९८. ऑरव्हिलने जाळीवर गालिचा घातला होता. काढला. त्याला बोललो नाही. पुन्हा घालेल.'