कांगारूची उडी

मुलगी बघायला आलेल्या प्रणयच्या हातात पोह्यांची बशी येण्याआधी टीव्हीवरच्या खेळाचा रिमोट आला, आणि तिथूनच सगळं बिघडत गेलं.

"तुमचं कामच कॉम्प्युटरचं ना?" मुलीचा बाप काळूराम म्हणाला. "मंग एवढा खड्डा पार करून द्या. जत्रंपासून अडकून पडलोय."

प्रणयने देवजीमामाकडे पाहिलं. भिवंडीच्या एका गोदामात येणाऱ्या-जाणाऱ्या खोक्यांची नोंद प्रणय करायचा, एवढंच त्याचं कॉम्प्युटरचं काम. पण स्थळ जुळवताना मामाने ते काम भरपूर तिखटमीठ लावून सांगितलं होतं. आसनगावहून सरळगावपर्यंत येताना गाडीतही तो भाच्याला बजावत होता, 'तू फक्त हो म्हण, बाकी मी बघतो.'

"खड्डा कसला घेऊन बसलाव," मामा म्हणाला. "आमचा प्रणय डोळं मिटून पार करल."

"बदलापूरचा पोरगा पन असाच बोलला व्हता," काळूराम म्हणाला. "नाय जमला. परत धाडला त्याला. एवढा खड्डा ज्याला ओलांडवत नाय, तो संसार काय ओलांडनार?"

प्रणयच्या तोंडचं पाणी पळालं.

काळूराम म्हशाच्या जत्रेत बैल बघायला गेला होता आणि हा खेळ घेऊन आला होता. पडद्यावर एक कांगारू होतं. काळूराम त्याला ससा म्हणायचा. सशाने चालत जायचं, गाजरं गोळा करायची आणि वाटेत आलेला खड्डा उडी मारून ओलांडायचा, इतका साधा मामला. पण उडीचं बटण दाबलं तरी ते कांगारू आपल्याच तंद्रीत चालत राही आणि खड्ड्यात पडता पडता उडी मारी. चुकून वेळेवर उडालंच, तर हवेत त्याला डावंउजवं कळेनासं होई, आणि ते निघालं तिथेच परत येई.

प्रणयचं पहिलं कांगारू सरळ चालत जाऊन खड्ड्यात पडलं.

"सवय व्हायची हाय अजून," मामा म्हणाला.

दुसरं पडलं. तिसरंही पडलं. मग प्रणयने बटण आधीपासूनच दाबून धरलं, तेव्हा कांगारू जागच्या जागी उड्या मारत बसलं आणि खड्ड्याकडे जाईचना. पोहे गार झाले. शेजारचा नामा दारात येऊन उभा राहिला आणि 'आता उडव, आता उडव' असं चुकीच्या वेळी सांगू लागला. प्रणय खुर्चीच्या टोकावर आला. कांगारू उडालं की तोही बूड उचलायचा, आणि त्याच्यामागे मामाही उचलायचा. आपण कशासाठी आलो आहोत हे दोघंही साफ विसरून गेले.

बटणाने एकदाची साथ दिली. कांगारू बरोबर काठावर उडालं. आणि त्याच क्षणी टीव्हीच्या पुढ्यात कुणीतरी येऊन थांबलं.

"ओ, जरा बाजूला व्हा," प्रणय मान वाकडी करून म्हणाला. "दिसत नाय."

ते माणूस बाजूला झालं. कांगारू खड्ड्यात पडलेलं होतं.

प्रणयने वर पाहिलं. अबोली रंगाची साडी, हातात चहाचा ट्रे. कुणाली. तिला बघायला म्हणून तो सुट्टी टाकून आला होता, आणि आत्ताच त्याने तिला 'दिसत नाय' म्हणून बाजूला केलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई गिरजाबाई पदर तोंडाशी धरून उभी होती.

"म्हंजे त्याचं असं हाय," मामा सावरायला म्हणून लगबगीने उठला. घाईत पुन्हा खुर्चीत बसला, तर प्लास्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय मोडला आणि मामा उताणा झाला. जाता जाता त्याने आधाराला म्हणून रिमोटची वायर पकडली. रिमोट प्रणयच्या हातातून सुटून पोह्यांच्या बशीत पडला.

प्रणयने रिमोट उचलला, त्यावरची कोथिंबीर पुसली आणि टेबलावर ठेवून दिला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"काका, खरं सांगू? हा खेळच भंगार हाय," तो म्हणाला. "बटन दाबलं तर उडी नाय, सोडलं तर उडी. ज्या कांगारूला उडी मारता येत नाय त्याला कोन काय करनार? आनि माझं काम गोदामातलं. मी खोकी मोजतो. मामा वाढवून बोलले." मग तो कुणालीकडे वळला. "तुमाला मगाशी बोललो त्याची माफी मागतो. मला वाटलं हे नामाभाऊच."

मामाने जमिनीवर पडल्या पडल्याच डोळे मिटून घेतले. काळूरामचा चेहरा उतरला. खेळ नव्या खरेदीच्या बैलासारखा त्याने जत्रेतून मिरवत आणला होता, आणि त्याला आजवर कुणी भंगार म्हटलं नव्हतं.

"म्हंजे तुमाला पन नाय जमनार," तो म्हणाला. "मंग बोलनंच खुंटलं."

कुणालीने ट्रे टेबलावर ठेवला आणि ती तडक आत निघून गेली. रागावली, असं सगळ्यांनी धरलं. मामाला उठवून निघायचं म्हणून प्रणय वाकला. आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

कुणाली बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दुसरा रिमोट होता. त्याची वायर उलगडताना भुईवर तांदळाचे दाणे सांडत होते. तिने तो टीव्हीखालच्या खेळाच्या डब्याला जोडला आणि प्रणयपुढे धरला.

"यानं करा," ती म्हणाली.

प्रणयने बटण दाबलं. कांगारू उडालं. बटण सोडलं, कांगारू खड्ड्यापलीकडे अलगद उतरलं आणि पुढचं गाजर खाऊ लागलं. नामाने दारातच टाळी वाजवली.

काळूरामने खाली सांडलेल्या तांदळाकडे पाहिलं.

"अगो, हा तर उंदरांनी नेला बोललेलीस."

"आनून दिला त्यांनी," कुणाली म्हणाली.

"आनि तो बदलापूरवाला आलेला तवा?"

कुणालीने चहाचा कप उचलून प्रणयच्या हातात दिला.

"तवा उंदरांकडंच होता, बाबा."