शेवटून निवडणाऱ्यांचे धोरण

बाबा एका बास्केटबॉल क्लबात खेळाडू-निरीक्षक होते. त्या सकाळी त्यांनी ऑम्लेटचा पहिला घास खाल्ला आणि अभिप्राय दिला, "मीठ कमी आहे." मग उरलेले सगळे संपवले, बशी पावाने पुसून घेतली आणि पुरवणी अभिप्राय जोडला, "शिवाय करपलंय."

"उद्यापासून तुम्हीच करत जा," मुलगी म्हणाली.

"करीन. निदान खाण्यासारखं तरी होईल."

आई गेल्यापासून त्या घरात एवढे बोलणे म्हणजे दिवसाचा कोटा पुरा झाला. मुलगी चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची आणि बाबा शाळा-कॉलेजांच्या कोर्टवर जाऊन उंच पोरे पाहायचे. निघताना त्यांची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली तिला दिसली. ती सरळ करायला हात पुढे झालाही होता, पण त्या घरात तसली पद्धत नव्हती. म्हणून ती म्हणाली, "कॉलर बघा. लोक हसतील."

"लोकांना माझ्याकडे बघायला वेळ नाही," असे म्हणून बाबा जिना उतरले.

हे साफ खोटे होते. त्या क्षेत्रातले सगळे लोक बाबांकडेच बघत असत, आणि त्याचे कारण सांगायचे तर आधी क्लबाची अडचण सांगावी लागेल. दरवर्षी सगळे क्लब एका सभागृहात जमून नव्या खेळाडूंची निवड करीत. जो क्लब सर्वांत जास्त हरला, त्याने पहिला खेळाडू उचलायचा, असा दयाळू नियम होता. हरण्याच्या बाबतीत बाबांचा क्लब कुणापेक्षा कमी नव्हता. परंतु मागच्या एका कार्यकारिणीने आपला क्रमांक कायमचा शेजारच्या क्लबाला देऊन त्याच्या बदल्यात एक वापरलेली बस घेतली होती. बस वर्षभरात बंद पडली. करार मात्र उत्तम चालू होता. त्यामुळे सगळ्यांची निवड आटोपून शिपाई खुर्च्या रचू लागला की बाबांच्या क्लबाचा नंबर येई.

शेवटून निवडणाऱ्याच्या वाट्याला दोनच प्रकारचे खेळाडू उरतात. ज्यांचे गुण कुणाला दिसले नाहीत असे, आणि ज्यांना गुणच नाहीत असे. पहिल्या प्रकारच्या पोराचे गुण अखेरपर्यंत कुणाला दिसू नयेत, ही व्यवस्था बाबांकडे होती. चांगला खेळाडू दिसला की ते जांभई देत. फारच चांगला असला तर उठून चहाला जात आणि तिथे जमलेल्या इतर निरीक्षकांना ऐकू जाईल अशा बेताने त्याला नावे ठेवीत. लंबू म्हणून एक पोरगा होता, त्याच्या वेळी त्यांनी, पोराचे गुडघे वाजतात, एवढेच म्हटले होते. लंबू घरंगळत शेवटपर्यंत आला, क्लबाला मिळाला आणि पुढे कितीतरी वर्षे खेळला. गुडघे एकदाही वाजले नाहीत.

हे यश पाहून कार्यकारिणीने बाबांच्या सवयीचे धोरणात रूपांतर केले. क्लबाला हवीशी वाटणारी कोणतीही व्यक्ती, वस्तू अथवा बाब यांविषयी कोणीही, कुठेही बरे बोलू नये, असा ठराव झाला. चहा आज छान झालाय, असे म्हटल्याबद्दल शिपायाला ज्ञापन मिळाले. उद्या चहावाल्याला दुसऱ्या क्लबाने पळवले तर जबाबदार कोण? प्रशिक्षकांच्या लग्नाच्या वाढदिवशी त्यांच्या पत्नीला क्लबातर्फे पाठवलेल्या शुभेच्छा कायदेशीर सल्ल्यानंतर मागे घेण्यात आल्या.

पण इतर क्लबही काही दूधखुळे नव्हते. बाबा ज्याला नावे ठेवतात तो पोरगा सोन्यासारखा असतो, हे त्यांच्या ध्यानात आले आणि बाबांची जांभई बघून ते निवड करू लागले. तेव्हा धोरणात दुरुस्ती करून सर्वच खेळाडूंची समप्रमाणात निंदा करावी असे ठरले. मग नेमका कोण हवा आहे हे क्लबातही कुणाला कळेना. कागद फुटतो आणि कार्यकारिणी त्याहून लवकर फुटते, म्हणून खरी निवड फक्त बाबांच्या डोक्यात ठेवण्यास मंजुरी मिळाली. त्या डोक्याला काही झाले तर काय, हा मुद्दा वेळेअभावी पुढच्या सभेत घ्यायचे ठरले.

त्या दुपारी, एका कॉलेजचा सराव बघताना, बाबांनी जांभई दिली, मागच्या बाकाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. त्या वेळी कोर्टवर सात नंबरचा पोरगा चेंडू घेऊन पळत होता. बाबांनी आजवर जांभया बऱ्याच दिल्या होत्या, पण कुणाच्या खेळात थेट झोपून दाखवले नव्हते. आसपासच्या निरीक्षकांनी घाईघाईने आपापल्या क्लबांना फोन लावले. सात नंबरचा भाव भलताच वधारला. डॉक्टरला फोन करण्याचे त्यानंतर कुणाला तरी सुचले.

तिने त्यांना पाहिले तेव्हा कॉलर तशीच आत दुमडलेली होती. ती तिने सरळ केली.

सगळे आटोपल्यावर क्लबाचे चिटणीस भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर टेकून त्यांनी धोरणाला धरून सांत्वन केले. "माणूस तसा बेताचाच होता," ते म्हणाले. मग चष्मा काढून डोळे पुसले. "वेळेवर कधी यायचे नाहीत. अक्षर वाईट." तिने त्यांना पाणी दिले. आयुष्य त्याच घरात काढल्यामुळे तिला त्यात वावगे काही वाटले नाही.

पाणी पिऊन झाल्यावर ते मुद्द्यावर आले. निवडसभा आठवड्याच्या अखेरीस होती आणि खरी निवड बाबांबरोबर गेली होती. शेवटच्या दिवसांत घरी बाबांनी कुणाला नावे ठेवली होती का, असे त्यांनी विचारले. सगळ्यांनाच, असे तिने सांगितले.

"ते झालंच, ताई. पण सगळ्यात जास्त कुणाला? अगदी मनापासून?"

तिने प्रामाणिकपणे विचार केला. मीठ, करपलेले अंडे, तिची चालण्याची ढब, तिचे हसणे, तिने आणलेला शर्ट, जो बाबा बाहीला भोक पडेपर्यंत वापरत होते.

"मला," ती म्हणाली.

चिटणिसांनी पेला खाली ठेवला. मग, दूरच्या शहरातल्या एका डोळ्यांच्या इस्पितळाचा फोन क्लबात आला होता ते तुम्हाला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. तिला ठाऊक नव्हते. तिथल्या मोठ्या नोकरीसाठी तिने अर्ज केला होता आणि आपल्याबद्दल चौकशी करायला बाबांच्या क्लबाचा नंबर दिला होता. कामावरून आल्यावर उत्तरासाठी ती रोज टपालपेटी उघडून बघायची, पुढे कधीतरी तिने ते सोडून दिले होते.

"फोन तुमच्या बाबांनीच घेतला. म्हणाले, मुलगी वेंधळी आहे, हात कापतो, चांगल्या माणसाला जाड भिंगं लावते. आम्ही सगळे कामं थांबवून ऐकत होतो." त्यांचा आवाज खाली आला. "लंबूच्या वेळी नुसते गुडघे होते, ताई."

निवडसभेला तिला सन्मानाने बोलावले होते. सुरुवातीला इतर क्लबांनी उभे राहून बाबांचे तोंडभरून कौतुक केले. दर्दी माणूस, नजर अशी पुन्हा होणे नाही, आम्हाला वडिलांच्या जागी होते, असे ज्याने त्याने सांगितले. बाबा आता कुणालाच घेता येण्यासारखे नसल्यामुळे त्यात काही धोका उरला नव्हता. बाबांचा क्लब तेवढा धोरणानुसार गप्प होता.

सात नंबरचा पोरगा पहिल्याच फटक्यात गेला. पुढे एकेक करून सगळे बरे खेळाडू उचलले गेले. शिपायाने खुर्च्या रचायला घेतल्या. चिटणीस उठले, माइकपाशी गेले आणि दिवंगत निरीक्षकांच्या सर्वांत तीव्र निंदेस अनुसरून त्यांनी क्लबाची निवड जाहीर केली. ती त्यांची मुलगी होती.

ती सगळ्यांच्या खांद्याला जेमतेम लागत होती. नियम पाहण्यात आले. निवडलेली व्यक्ती सज्ञान असावी आणि अन्य कुणी घेतलेली नसावी, एवढेच त्यात होते. ती दोन्हींत बसत होती. उंचीबद्दल हरकत कुणीच घेतली नाही. मात्र या खेळाडूची माहिती आमच्यापासून जाणूनबुजून लपवण्यात आली, अशी लेखी तक्रार दोन क्लबांनी तिथल्या तिथे दिली.

निवड झालेल्याने टोपी घालून माइकवर दोन शब्द बोलायचे असतात. टोपी तिच्या कानांवर आली. माइक लंबूच्या जातीच्या माणसांसाठी उभा केलेला होता. तो तिने वाकवून खाली घेतला.

"बाबा, ती नोकरी मला हवी होती," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं राहा म्हणाला असतात, तरी मी राहिले असते."

चिटणीस चटकन तिच्या कानाशी आले. "ताई, जपून. बाकीचे क्लब ऐकतायत."

"ऐकू दे की. आता बाबांना कोण पळवून नेणार आहे?"

मागच्या रांगेतल्या एकाने खिशातून फोन काढला, घरचा नंबर शोधला, शेजारचा आपल्याकडे बघतोय हे पाहिले आणि फोन परत खिशात ठेवला. शेजारच्याच्याही हातात फोन होता. त्यानेही ठेवला.

तिने टोपी काढून हातात घेतली.

"तुम्ही मला फार आवडायचात, बाबा," ती म्हणाली. "पहिला नंबर माझा असता, तरी मी तुम्हालाच घेतलं असतं."