अठ्ठेचाळीस आकडे आणि एक जावई

बँकेच्या लॉकर विभागात बावीस वर्षं काढल्यावर माणसाला उघडं काही बघवत नाही. (घरातला साखरेचा डबासुद्धा.) म्हणून त्या रविवारी मी घरच्या कॉम्प्युटरची डिस्क एन्क्रिप्ट केली, म्हणजे आतल्या माहितीला कुलूप घातलं. सोय कॉम्प्युटरमध्येच होती, वर फुकट. एकदा ती चालू केली, की चोरानं डिस्क उचकटून नेली तरी त्याच्या पदरी भोपळाच! सोबत अठ्ठेचाळीस आकड्यांची रिकव्हरी की मिळते. कॉम्प्युटर कधी बिथरला, तर ती घातल्याशिवाय तो उघडत नाही.

आता, लॉकरला दोन चाव्या लागतात, एक बँकेची, एक ग्राहकाची. मी नियम सोडतो होय? निम्मे आकडे माझ्या पाकिटात ठेवले, निम्मे सासऱ्यांना नेऊन दिले आणि बजावलं, "बाबा, फोनवर कुणालाही सांगायचे नाहीत. हल्ली भामटे हुबेहूब आवाज काढतात. माझा आवाज आला तरी आधी खात्री करून घ्या."

बुधवारी रात्री कॉम्प्युटरनं अपडेट घेतलं आणि निळा पडदा टाकून ती अठ्ठेचाळीस आकडी की मागितली. बायको भाषांतरं करते. तिचं तीन महिन्यांचं काम आत अडकलेलं, ते बाराच्या आत पाठवायचं, आणि वाजले होते अकरा चाळीस.

"अहो, उरलेले आकडे कुठायत?"

"तुझ्या बाबांकडे."

तिनं फोन लावून माझ्यासमोर धरला. स्पीकर चालू.

"बाबा, मी बोलतोय. ते आकडे सांगा पटकन."

"मी म्हणजे कोण?"

"अहो, तुमचा जावई!"

"असं सगळेच म्हणतील. सांगा बघू, लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आलात, तेव्हा काचेची फुलदाणी कुणी फोडली?"

एकोणीस वर्षं मी मांजराचं नाव सांगत आलो होतो. (त्यापायी बिचाऱ्याची घरातून हकालपट्टी झाली होती.) घड्याळात अकरा पन्नास. बायकोचे डोळे भरून आले होते, आणि ते खरंच मला बघवेना.

"मी फोडली, बाबा. मांजराचा काही दोष नव्हता."

"चोर कुठला!" सासरे गरजले. "आमचे जावई जन्मात चूक कबूल करायचे नाहीत!" आणि फोन कट.

मी पुन्हा लावला. "मांजरानं फोडली," पडेल आवाजात म्हणालो.

"हां, आता कसं! घ्या लिहून, जावईबापू."

बाराला दोन मिनिटं कमी असताना काम गेलं. बायकोनं सुस्कारा सोडला, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि अगदी शांतपणे म्हणाली,

"ते मांजर माझं होतं."