हजरजबाबी नवरा

“चार दिवस द्या साहेब, पाचव्या दिवशी अ‍ॅप तुमच्या हातात!”

तज्ज्ञ छाती ठोकून असं म्हणाले, तेव्हा अ‍ॅप म्हणजे नेमकं काय, हे त्या ऑफिसात कुणालाच धड माहीत नव्हतं. तज्ज्ञांनाही नव्हतं! आता ‘तज्ज्ञ’ हे काही त्यांचं नाव नव्हे. एकदा त्यांनी घरचा मिक्सर दुरुस्तीला घेतला आणि तो कायमचा शांत झाला, तेव्हापासून बायको त्यांना तज्ज्ञ म्हणते. ऑफिसातल्या लोकांना ते कौतुकाचं नाव वाटलं, म्हणून तेही म्हणू लागले. तज्ज्ञांनी खुलासा केला नाही. ही सगळी हकिगत मात्र ते स्वतःच सांगतात, आणि सांगताना स्वतःची बिलकूल गय करत नाहीत.

बिनबटणांचे फोन तेव्हा नुकतेच बाजारात आले होते. ज्याच्याकडे तसला फोन असायचा, तो दुसऱ्याच्या हातात देण्याआधी शर्टाच्या टोकानं काच पुसायचा आणि परत घेतल्यावर पुन्हा पुसायचा. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर चार टेबलांचं ते ऑफिस होतं. आजवर ते वाचनालयांसाठी पुस्तकांच्या याद्या करायचे प्रोग्राम लिहायचं. साहेब एके सकाळी असे दोन फोन घेऊन आले, एक तज्ज्ञांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “याद्या बास! दीड-दोन महिन्यांनी हॉल घेऊ, पाहुणे बोलावू आणि आपलं अ‍ॅप लाँच करू. कसलं अ‍ॅप, ते तू ठरव.”

तज्ज्ञांना ठरवावं लागलंच नाही. ते बायकोनं ठरवलं.

तिची एक जुनी तक्रार होती. तिनं मेसेज पाठवला की उत्तर यायचं नाही. आलंच तर ‘हं’ यायचं. त्या संध्याकाळी तिनं तोफ डागली. “दिवसभर यंत्रांशी बोलतोस, माझ्याशी बोलायला तोंड शिवलंय का? एवढा शहाणा फोन आहे ना तुझा? मग त्यालाच सांग मला उत्तरं द्यायला!”

दुसरा नवरा असता तर शरमला असता. तज्ज्ञांनी वही काढली!

चार दिवसांचे अकरा झाले, पण अ‍ॅप झालं. नाव ठेवलं ‘हजरजबाबी’. मेसेज आला की अ‍ॅप त्यातले ओळखीचे शब्द शोधायचं आणि तज्ज्ञांनी लिहून ठेवलेल्या चाळीस वाक्यांतलं शोभेलसं एक आपणहून पाठवून द्यायचं. ‘कधी’ दिसलं की ‘हा काय, निघालोच!’ ‘खरं सांग’ दिसलं की ‘चूक माझीच, राणी.’ ‘काय झालं’ दिसलं की ‘तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच!’ दुपारी एकच्या पुढे कसलाही मेसेज आला की शेवटी ‘तू जेवलीस का?’ आणि ओळखीचं काहीच सापडलं नाही, तर सरसकट ‘हो, नक्की! तू म्हणशील तसं.’

आता चाचणीसाठी मेसेज करणारं कुणीतरी हवं. तज्ज्ञांना मेसेज करणारं अख्ख्या जगात एकच माणूस होतं.

पहिल्याच आठवड्यात घरचं हवामान पालटलं. बायको गाणं गुणगुणू लागली. दार उघडताना हसू लागली. “हल्ली किती छान लिहितोस रे! मला वाटलं होतं, तू लाकूड आहेस.” तज्ज्ञांनी नम्रपणे मान खाली घातली. त्यात निम्मा विनय होता आणि निम्मी भीती, कारण आपण काय छान लिहिलं, हे त्यांनी अजून वाचलं नव्हतं.

मग त्यांनी रोजचा नेम केला. घरी पोचलं की जिन्याच्या तळाशी पाच मिनिटं उभं राहायचं आणि दिवसभरात आपण काय काय बोललो, याचा अभ्यास करून मगच वर जायचं. शाळेत एवढा अभ्यास केला असता, तर याद्या करत बसायची वेळ आली नसती! पण तेव्हाचे फोन हुशार असले तरी त्यांचा जीव चिमणीएवढा. एका संध्याकाळी बॅटरी संपली आणि तज्ज्ञ अभ्यासाविना वर गेले. बघतात तर हॉल जांभळा! चारही भिंती, वर छतसुद्धा!

“आवडला?” बायकोनं विचारलं.

“हो, नक्की!” तज्ज्ञ म्हणाले. अ‍ॅपची सवय आता तोंडालाही लागली होती.

“आणि आई-बाबांची खोलीही लावून घेतली. महिनाभर राहायला बोलवायला तूच हो म्हणालास ना! मी त्यांना सांगितलं, अहो, तुमचा जावई पार बदललाय. आपल्या लाँचला पुढच्या रांगेत बसणार आहेत दोघं. मी तर असणारच!”

लाँचच्या दिवशी हॉलभर माणसांसमोर पडद्यावर दिसणार होतं की हा फोन आपणहून उत्तरं देतो. आणि समोर ती बसलेली असणार! नोकरी गेली तर दुसरी मिळेल, पण महिन्याभरात घरात आलेलं ते हसू पुन्हा कुठून आणायचं? तज्ज्ञांना ते हसू फार आवडू लागलं होतं. खोटेपणानं मिळवलं होतं, तरी आवडू लागलं होतं.

सांगून टाकायचं, असं त्यांनी ठरवलं. तोंडानं जमेना, म्हणून ऑफिसातून मेसेज लिहायला घेतला. महिन्याभरात पहिल्यांदाच, स्वतःच्या बोटांनी! ‘तुला एक सांगायचंय. गेला महिनाभर मी’ एवढं लिहितात न लिहितात तोच अंगठा घसरला आणि अर्धाच मेसेज गेला. तिकडून लगेच आलं, ‘अरे, काय झालं?’

तज्ज्ञ उरलेलं वाक्य जुळवतायत तोवर अ‍ॅपनं आपलं कर्तव्य बजावलं: ‘तुझ्याशिवाय करमत नाही, एवढंच! तू जेवलीस का?’

त्या संध्याकाळी बायकोनं दारातच मिठी मारली. सासूबाईंनी बॅगा ठेवता ठेवता डोळ्यांना पदर लावला. टपाल खात्यातून निवृत्त झालेले सासरे म्हणाले, “जावईबापू, चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली. पण नवऱ्यानं बायकोला असं लिहिणं दुर्मीळ हो!” आता काय डोंबल सांगणार!

लाँचचा दिवस उजाडला. कार्यक्रम सकाळी अकराचा. पुढच्या रांगेत सासरे, सासूबाई आणि मधोमध बायको. तज्ज्ञांचा फोन वायरनं मोठ्या पडद्याला जोडलेला. कोपऱ्यात उभे राहून तज्ज्ञ वीज जावी म्हणून प्रार्थना करत होते. वीज छान होती.

साहेबांनी माईक हातात घेतला. “मंडळी, हे अ‍ॅप प्रयोगशाळेत नाही, संसारात तपासलंय! आमच्या या तज्ज्ञांनी महिनाभर खुद्द स्वतःच्या बायकोवर चाचणी घेतली. उत्तरं सगळी फोन देत होता आणि त्या माउलीला पत्ताही लागला नाही!”

हॉल हास्यात बुडाला. एकच चेहरा हसत नव्हता. “आता कुणीतरी या नंबरावर मेसेज करून बघा!” साहेबांनी म्हणायचा अवकाश, बायकोनं पर्समधून फोन काढला. पडद्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत उमटलं:

बायको: ‘म्हणजे यातलं एकही उत्तर तुझं नव्हतं?’

फोन: ‘हो, नक्की! तू म्हणशील तसं.’

टाळ्या! लोकांना वाटलं, हे ठरवून बसवलेलं आहे. साहेबांनी तज्ज्ञांच्या पाठीवर थाप मारली.

बायको: ‘खरं सांग.’

फोन: ‘चूक माझीच, राणी.’

लोक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवू लागले! मागून कुणीतरी शिट्टी मारली.

बायको: ‘मी आईकडे कायमची निघून गेले तर?’

फोन: ‘हो, नक्की! तू म्हणशील तसं.’

ती उठली आणि ताडताड बाहेर पडली. सासूबाई तिच्यामागे. सासरे मात्र थक्क होऊन पडद्याकडे बघत बसले होते. एवढी झटपट पोच त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. साहेब आनंदानं ओरडत होते, “तज्ज्ञ, जिंकलास लेका!” जिंकलेल्या तज्ज्ञांनी वायर उपटली, फोन खिशात कोंबला आणि धूम ठोकली.

घरी पोचेपर्यंत त्यांनी अ‍ॅप पुसून टाकलं होतं. सासूबाईंनी जांभळ्या हॉलमधून नुसतं बोट दाखवलं. आतल्या खोलीचं दार बंद होतं.

“अगं, ऐक ना. वाक्यं माझीच होती. चाळीसच्या चाळीस मीच लिहिली, तुलाच डोळ्यांसमोर ठेवून.”

“चाळीस एकदा लिहिलीस आणि महिनाभर सुटलास!” आतून आवाज आला. तो रडून बसलेला होता. “रोज दुपारी ‘जेवलीस का’ यायचं ना, त्याची वाट बघून मी जेवायची थांबायचे रे! आणि ते विचारत होतं कोण, तर डबडं!”

तज्ज्ञांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते दाराशीच खाली बसले. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. दाराच्या पलीकडून मेसेज आला होता: ‘काय करतोयस?’

आता उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तज्ज्ञांनी लिहिलं, ‘तुझ्याशिवाय’ आणि खोडलं, ते अ‍ॅपचं होतं. ‘चूक माझीच’ लिहिलं, तेही खोडलं. जे जे सुचे, ते चाळिसातलंच निघे! नवं काही म्हणावं तर डोकं रिकामा डबा. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सासूबाई एकदा येऊन बघून गेल्या. विसाव्या मिनिटाला घामेजलेल्या अंगठ्यानं त्यांनी जे होतं ते लिहून पाठवलं:

‘बाहेर बसलोय. फरशी गार आहे.’

मग कडी सरकली. डोळे लाल, नाक लाल, हातात फोन.

“हे तूच लिहिलंस,” बायको म्हणाली. “इतकं नीरस कुठल्या यंत्राला जमणार नाही! ऊठ, आत ये.”