चूक सांगा, मग चहा

आमच्या सोसायटीत सबनीसकाकांच्या गाण्याला 'छान' म्हणायची सोय नाही. माणूस भडकतो. "छान म्हणायला माझी बहीण आहे नागपूरला! तुम्हाला वर कशाला बोलावलंय? चूक सांगा, मग चहा." चूक सांगितली की चेहरा असा खुलतो, जणू बढतीची ऑर्डर हातात पडली. मग चहा येतो, सोबत खारी येते. मी एकदा घाईत होते, म्हणून सतार जरा जास्त वाजतेय असं ठोकून दिलं. गाण्यात सतारच नव्हती. काका बिचारे ती शोधत बसले आणि मी दोन खारी खाऊन ऑफिसला गेले.

काका आमच्या डोक्यावरच्याच फ्लॅटमध्ये राहतात. दिल्लीत, द्वारकेतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, त्यामुळे सुटका नाही. ते केंद्र सरकारात इंजिनियर होते. दुसऱ्यांनी काढलेल्या पुलांच्या नकाशांतल्या चुका शोधण्यात जन्म गेला. रिटायर झाले, वर्षभरात काकू गेल्या, आणि काकांनी काकूंच्या शिवणाच्या खोलीत एक कम्प्युटर आणि दोन स्पीकर मांडले, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले आणि त्याला स्टुडिओ म्हणायला लागले. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी पूर्वी एक गाणं रचलं होतं, ते आता "त्या काळातल्या सिनेमासारखं" करायचं. म्हणजे व्हायोलिनांचा ताफा, बोंगो, अ‍ॅकॉर्डियन, मागे आऽऽ करणाऱ्या बायका, सगळं. ही सगळी मंडळी कम्प्युटरमधली. खरा फक्त काकांचा आवाज, आणि नेमका तोच खोटा वाटतो.

"मिक्सिंग म्हणजे नक्की काय हो, काका?" असं माझ्या नवऱ्याने, विवेकने, एकदा विचारलं. काकांनी त्याला जिन्यातच धरलं. "लग्नातला ग्रुप फोटो बघितलायस ना? सगळे दिसले पाहिजेत, पण नवरानवरी पुढे. उंच मामा पुढे येऊन उभा राहिला की गेला फोटो. इथे मामा म्हणजे अ‍ॅकॉर्डियन. बिल्कुल ऐकत नाही." तेव्हापासून रविवारी सकाळी बेल वाजली की विवेक बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतो.

उरलो मी आणि तळमजल्यावरचे चोप्राजी. चोप्राजींचं मत ठरलेलं. "सब बढ़िया है जी, बस बेस थोड़ा बढ़ा दो." एकदा त्यांनी धीर करून पुढे सांगितलं, "और ये पीछे जो खरखर है, ये निकलवा दो."

काका ताडकन उठले. "अहो, वो खरखर मैंने डाली है! पुरानी रेकॉर्ड का फील!"

"अच्छा अच्छा," चोप्राजी म्हणाले, "फिर तो खरखर बढ़िया है जी." त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

मी लहानपणी गाणं शिकलेय, त्यामुळे माझे कान तिखट आहेत. जीभ त्याहून तिखट आहे असं विवेक म्हणतो. दुसऱ्या कडव्यात अ‍ॅकॉर्डियन काकांच्या आवाजावर चढतं, हे मी पहिल्यांदा सांगितलं. काकांनी ते खाली घेतलं. पुढच्या रविवारी ऐकलं तर खरंच सुरेख. मी मनापासून म्हणाले, "झालं की हो काका! आता हात लावू नका." काकांचं तोंड उतरलं. तरी त्यांनी मुकाट्याने त्या फाइलला 'अंतिम' असं नाव दिलं. त्याच्या पुढच्या रविवारी 'अंतिम पक्कं' ऐकायला गेले, तर अ‍ॅकॉर्डियन परत बोकांडी बसलेलं! पुन्हा सांगितलं, पुन्हा खाली गेलं. मग आलं 'अंतिम देवाशप्पथ', आणि त्यातही तेच.

"कम्प्युटरने केलं असेल," असं म्हणून काकांनी खारीची बशी पुढे सरकवली.

माझं डोकंच फिरलं. आठवडाभर मिनिस्ट्रीत त्याच त्या फायली फिरून परत येतात, आता रविवारीही तेच? पुढच्या वेळी बोलावण्याची वाट न बघता मी सरळ वर गेले. दार उघडंच होतं. काका फोनवर बोलत होते, स्पीकर चालू होता. पलीकडे मुक्ता, त्यांची एकुलती एक मुलगी. ती गुरुग्रामला जाहिरातींचं साउंड मिक्सिंग करते. गुरुग्राम काही परदेशात नाही, पण वर्षभरात मी तिला आमच्या लिफ्टमध्ये पाहिलेलं नव्हतं.

"बाबा, अ‍ॅकॉर्डियन परत वर आलंय. ऐकून पाठवता का तुम्ही? मागच्या वेळी मी काय सांगितलं होतं?"

"कुठे गं? मला तर नाही वाटत."

"दुसऱ्या कडव्यात! कमाल करता यार बाबा." मग तिने बापाची यथेच्छ हजेरी घेतली. बाप खुर्चीत रेलून, डोळे अर्धे मिटून, मैफलीत बसल्यासारखा ऐकत होता. झापता झापता ती मध्येच थांबली. "खोकला झालाय का तुम्हाला?"

"किंचित. हवा कशी आहे बघतेस ना."

"गरम पाणी प्या. आणि जेवण वेळेवर करा. बरं, ते अ‍ॅकॉर्डियन बघा." फोन ठेवला.

मी कमरेवर हात ठेवून उभी होते. "काका, तुम्ही हे मुद्दाम करता."

काकांनी आधी स्पीकरची वायर हलवून बघितली, मग चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, "काय करू सांगा? 'कशी आहेस' लिहिलं की अंगठा पाठवते. चूक पाठवली की लगेच फोन. माझीच पोरगी ना, चूक दिसली की तिला राहवत नाही."

"आणि गाणं पूर्ण झालं की?"

"म्हणून तर होत नाहीये."

मला राग आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. मी एक खारी उचलली आणि खाली आले.

पण हे फार दिवस चालणारं नव्हतं. इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन आलं आणि काकांचं गाणं तिथे वाजवावं असं आमच्या विवेकनेच सुचवलं. एकदा वाजलं की आपले रविवार मोकळे, हा त्याचा हिशेब. मंडळवाल्यांनी आनंदाने होकार दिला. काकांना बातमी सांगितली तर चेहरा असा, जणू कुणी पेन्शन बंद केली. "तिथे वाजलं की संपलं," ते म्हणाले. "मग तिला काय पाठवू?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी मी पोहे घेऊन वर गेले, तर काका शेवटचं मिक्स मुक्ताला पाठवायच्या तयारीत. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी अ‍ॅकॉर्डियन वर केलं. मग व्हायोलिनं डाव्या कोपऱ्यात ढकलली. बोंगोंचे ढोल केले. बायकांचं आऽऽ इतकं वाढवलं, की घरात कुणी गेलंय असं वाटावं.

"अहो काका, लोक हसतील संध्याकाळी!"

"हसू देत. एवढ्या चुका म्हटल्यावर किती वेळ बोलेल बघा ती." आणि 'संध्याकाळी मंडळात हेच वाजणार' असं लिहून त्यांनी ते पाठवून दिलं.

फोन आला नाही. काका फोनचा आवाज मोठा आहे ना, ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले. तोवर गाणं नीट करून ठेवा म्हटलं, तर हातही लावेनात. पोहे तसेच पडले. मला मुक्ताचा असा संताप आला म्हणता! आता मीच तिला फोन करून चार शब्द सुनवावेत असं ठरवतेय, तोच बेल वाजली.

दारात मुक्ता. केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ना नमस्कार, ना चमत्कार. "सरका, बाबा." ती थेट त्यांच्या खुर्चीत जाऊन बसली. काका पोह्यांची बशी घेऊन तिच्या मागे उभे राहिले.

तिने भराभर एकेक वाद्य खालीवर करायला घेतलं आणि मध्येच तिचा हात थांबला. हे रोजचं काम असलेल्या माणसाला कळतंच. नजरचुकीने झालेला बिघाड असा नसतो. तिने आजवर फोनवर जे जे दुरुस्त करायला लावलं होतं, तेवढंच, नेमकं तेवढंच बिघडवलेलं होतं. ती खुर्ची फिरवून काकांकडे बघायला लागली. आता ओरडणार असं मला वाटलं. पण ओरडली नाही.

"बाबा, मी अशीही आले असते."

काकांनी बशी टेबलावर ठेवली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता हो, खरंच माहिती हवी असल्यासारखं त्यांनी विचारलं, "कधी?"

मी तिथून निघायला हवं होतं, पण माझा पाय निघेना. मग मुक्ता वळली आणि तिने सगळं जागच्या जागी आणलं. गाणं पहिल्यापासून लावलं. काका तिच्या शेजारी स्टुलावर बसले. दुसरं कडवं आलं तेव्हा त्यांचा आवाज एवढा स्वच्छ आणि एवढा थकलेला ऐकू आला, की मला पदर डोळ्यांना लावावा लागला. मुक्ता स्क्रीनवरची नजर काढत नव्हती.

गाणं संपलं. तिने ते पेनड्राइव्हवर घेतलं, पेनड्राइव्ह काकांच्या हातात दिला. काम झालं होतं.

"निघतेस?" काकांनी हळूच विचारलं.

मुक्ता बॅगेत हात घालून चार्जर काढत होती. ती टेबलाखाली वाकली आणि तिने तो भिंतीतल्या प्लगमध्ये लावला.